पडद्यामागचा डावरा

शहरातल्या थेटरात मागच्या खुर्च्या महाग असतात, हे ज्ञान मला अकोल्याला ट्रेनिंगला असताना झालं होतं, आणि ते चारचौघांत वापरायला मिळावं म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहत होतो. संधी आली ती डोणगावात. उन्हाळ्याची सुट्टी होती. देऊळगाव राजाची शाळा बंद करून मी बायकोला घेऊन सासुरवाडीला आलो होतो, आणि गावाबाहेरच्या पडीक वावरात सिनेमाचा तंबू उतरला होता. तिकिटाच्या खिडकीशी, खिडकी म्हणजे कापडाला पाडलेलं एक भोक, मी मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बायकांसाठी मागचं द्या. आम्हाला पुढचं चालेल."

भोकातल्या माणसानं पुन्हा विचारलं, "बायकांले मागचं?"

"मागचंच. आमच्या घरच्या बायका पुढे बसत नाहीत."

त्यानं बायकांची तिकिटं अर्ध्या पैशांत दिली. मला वाटलं, मास्तर म्हणून सवलत दिली. मी त्याच्याकडे पाहून, राहू द्या, अशी मान हलवली आणि तिकिटं खिशात टाकली.

तंबूत मागचं म्हणजे मागच्या रांगा नव्हेत, पडद्याची मागची बाजू, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असे. मशीन ज्या अंगाला ते पुढचं. पलीकडचं ते मागचं. पडदा मांजरपाटाचा, खेळाआधी एक माणूस त्याच्यावर पाणी मारून तो ओला करी, म्हणजे चित्र आरपार दिसे. दिसे सगळं, फक्त उलटं. डोकं खाली पाय वर असं उलटं नव्हे. आरशातल्यासारखं, डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. ज्यांच्याकडे पुढच्या तिकिटाचे पैसे नसत ते तिकडे बसत. त्या संध्याकाळी त्यांच्यात माझी सासू, माझी बायको आणि माझी मेहुणी अशा तिघींची भर पडली.

तिघीही सिनेमा पहिल्यांदाच पाहत होत्या. सिनेमा असाच असतो, असं त्यांना वाटलं. तक्रार कोणी करायची?

आता पुढचं कळायला मेहुणीची गोष्ट सांगायला हवी. तिच्या पाटाचं ठरत होतं. आमच्या शेतकरी घरांत विधवेचं दुसरं लग्न लागतं, त्याला पाट म्हणतात. त्यात लपवण्यासारखं काही नसतं. वाजंत्री नसते एवढंच. तिचं पहिलं घर अमडापूरचं. दोन वर्षांपूर्वी बाजाराहून येताना नाल्याच्या उतारावर बैल उधळले, गाडी कलंडली आणि तिचा नवरा खाली सापडला. कासरा होता त्याच्या दोस्ताच्या हातात. दोस्त म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेजारी. त्याचा खांदा मोडला, पण तो वाचला.

आणि तो डावरा होता. जेवण सोडून सगळं डाव्या हातानं. त्यामुळे अमडापुरात वर्षभर एकच बोलणं, डावऱ्याच्या हाती कासरा दिला, मग दुसरं काय होणार. बैलांना गांधीलमाशा चावल्या होत्या, हे पाहणाऱ्यांनी सांगितलं. पण गांधीलमाशीला नावं ठेवण्यात लोकांना काही गोडी वाटत नाही.

मयताच्या थोरल्या भावानं तर बदला घेतो म्हणून कुऱ्हाड खांद्यावर टाकली होती. डावरा तेव्हा चिखलीच्या दवाखान्यात पडून होता आणि चिखलीच्या वाटेवर या भावाच्या मामाचं गाव लागत होतं. मामीनं त्याच कुऱ्हाडीनं पावसाळ्यापुरती लाकडं फोडून घेतली, पोटभर जेवू घातलं आणि भाच्याला परत पाठवलं. बदल्याची एवढी एकच गोष्ट माझ्या ओळखीच्या माणसांत घडलेली आहे. माझ्या मते ती त्या सिनेमापेक्षा पुष्कळ बरी होती, आणि तिला तिकीट नव्हतं.

त्या डावऱ्यानं मेहुणीला मागणी घातली होती. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. मेहुणीची ना नव्हती. तसं तिनं माझ्या बायकोला चुलीपाशी सांगितलं होतं. पण शब्द सासूबाईंचा. सासरे केव्हाच गेले होते, आणि भेंडी-वांग्यांचा मळा, दोन बैल आणि दोन पोरी यांचा कारभार बाईनं एकटीनं ओढला होता. त्या हो म्हणत होत्या, पण कोणी नको म्हटलं तर बरं, अशा सुरात. त्या दिवशी डावरा आणि त्याचा काका मोटारीनं अमडापूरहून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी फोडायची होती. मधली संध्याकाळ पाहुण्यांनी एकमेकांची तोंडं बघत काढू नये, म्हणून सिनेमाची कल्पना मीच काढली. गावातून फिरणाऱ्या गाडीवरचा भोंगा ओरडत होता, बायकापोरांनी पाहावा असा खेळ, आणि मी भोंग्यावर विश्वास ठेवला.

सिनेमाचं नाव सांगत नाही. नाव घेतलं तरी त्याची जाहिरात होईल. नायक वकील होता. वकील असल्याचा पुरावा म्हणजे काळा कोट. सबंध खेळात त्यानं कायद्याचं एक पान उलटलं नाही. त्याच्या भावाला एका गिरणीमालकाच्या पोरानं मारलं. कोर्टात आरोपी सुटला. सुटणारच होता, कारण त्याच्याविरुद्ध बोलायला हाच उभा होता. मग यानं न्याय आपल्या हाती घेतला. न्याय हाती घ्यायचा म्हणजे पावसात पुलावर उभं राहायचं, विजा चमकू द्यायच्या, लांबलचक भाषण करायचं आणि मग सुरी मारायची. ज्याला मारायचं तोही भाषण संपेस्तोवर पुलावर थांबला होता. माझ्या वर्गातली पोरं प्रार्थनेला इतकी थांबत नाहीत.

मग पश्चात्ताप. पश्चात्तापाला घरात मोठी खिडकी लागते असं दिसतं. हा खिडकीत उभा राही, बाहेर गडगडाट होई, आणि आतून कोणीतरी बासरी वाजवी. अन्नाला शिवत नव्हता, पण गाल होते तसेच भरलेले. झोप नव्हती, पण केसाचा भांग हलत नव्हता. अशी टापटीप दुःखं आमच्या भागात कोणाच्या वाट्याला आलेली मी तरी पाहिली नाहीत.

त्या मेलेल्या गिरणीवाल्याची बायको मोठ्या बंगल्यात राही. रोज परीटघडीचं पांढरं पातळ नेसून सतार वाजवायची, हा तिचा दिवसभराचा उद्योग. हा तिच्याकडे जाई ते 'मीच तुझ्या नवऱ्याचा खुनी' हे सांगायला, आणि सतार ऐकून विसरून परत येई. असं चारदा झालं. पाचव्यांदा प्रेम झालं. पण प्रेम करायला बंदी, कारण ती विधवा आणि समाज काय म्हणेल. समाज म्हणजे एक काठीवाला म्हातारा. तो जिन्यावरून खाली येई, नाही म्हणे आणि वर जाई. एवढ्यासाठी दोघं रडत होती. तेवढ्यात एका बाईचा खणखणीत आवाज आला, "पाट लाव ना मेल्या, रडून काऊन राह्यला?"

पुरुषांत हशा पिकला. आवाज थेट पडद्यातून आला होता, म्हणून मला तो सिनेमातलाच संवाद वाटला, आणि सबंध खेळात तेवढाच पटला.

डावरा माझ्या शेजारीच बसला होता. हा सिनेमा त्याला दाखवायला आणला, याची मला पुलावरच्या सुरीपासून लाज वाटत होती. दोस्ताच्या मरणाचा बोल ज्याच्यावर आहे आणि त्याच दोस्ताच्या विधवेला ज्यानं मागणी घातली आहे, अशा माणसाला नेमका हाच खेळ! गावातली चार-दोन डोकी वळून वळून त्याच्याकडे पाहत होती. तो सरळ बसून होता. मध्ये दिवे लागले तेव्हा काका चहाला गेला, आणि मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कसा काय वाटला खेळ. तो रिकाम्या पडद्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "मास्तर, हा एवढा रडून राह्यला, पन त्या मेलेल्याचं वावर कोनं पेरलं?"

सिनेमातल्या मेलेल्याला वावर नव्हतं, गिरणी होती. मला एवढं मात्र माहीत होतं की अमडापूरच्या त्या मेलेल्याचं वावर दोन्ही वर्षं यानंच पेरलं होतं, मोडक्या खांद्यानं, आणि आपल्या वावराच्या आधी.

उरलेला खेळ मी सांगत बसत नाही. खरं कळल्यावर बाईनं सतार ठेवली आणि पिस्तूल घेतलं. याला गोळी लागली. त्यानंतर तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून, पुलावर बोलला होता त्याहून जास्त बोलला आणि मेला. गावातली तरणी पोरं डोळे पुसत बाहेर पडली आणि तंबूबाहेर येताच मुठी आवळून चालू लागली. आठवडाभर डोणगावात ज्याला त्याला कोणाचा तरी बदला घ्यायचा होता. कोणाचा, ते ठरत नव्हतं.

आमच्या घरच्या तिघी पुढे चालत होत्या, एक अक्षर न बोलता. चांगला परिणाम झालेला दिसतो, असं मी काकाला म्हणालो.

सकाळी सुपारीचं तबक तयार होतं. सासूबाईंनी मला चुलीपाशी बोलावलं आणि सांगितलं की हे होणार नाही.

मी कारण विचारलं.

"जवाईबापू, तुमी शिकलेले मानसं. तुमाले दिसलं नाई का? तो खून करनारा डावरा होता. डाव्या हातानं सुरी मारली त्यानं. देवानंच दाखवलं म्हना."

"उजव्या हातानं मारली," मी म्हणालो.

"डाव्या," चुलीत फुंकर घालता घालता माझी बायको म्हणाली. "मी बी पाह्यलं."

लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास तसा कमीच असतो. मी बाहेर गेलो. काका ओट्यावर बाभळीच्या काडीनं दात घासत होता. त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, उजव्या हातानं, काऊन? मी आत आलो. आत डावा. मी पुन्हा बाहेर गेलो. बाहेर उजवा. एवढ्या फेऱ्या झाल्यावर बायको म्हणाली की तिला तर सुरुवातीची नावंसुद्धा वाचता आली नाहीत, मोडीत लिहिल्यासारखी होती. आणि पडद्यावर पाणी मारणारा माणूस त्यांच्याच अंगाला उभा होता, त्यानं सासूबाईंचं लुगडं भिजवलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तसा तोंडावरचा उतरला असावा, कारण बायकोनं विचारलं, काय झालं.

मी कबूल केलं. पण कबूल करून उपयोग काय? चूक कळल्याशिवाय कोणी रागावत नाही, आणि चूक कोणाला कळतच नव्हती. तेव्हा मी शिकवायला घेतलं. वाळत घातलेलं माझं धोतर दोरीवर ताणून बसवलं. कोळशानं त्याच्यावर एक माणूस काढला, त्याच्या उजव्या हातात सुरी दिली आणि सासूबाईंना पलीकडून पाहायला सांगितलं. पलीकडून काही दिसेना. सिनेमावाले पाणी मारतात म्हणून मीही तांब्याभर पाणी मारलं. कोळसा ओघळला, हाताचे ओघळ खाली आले, सुरीचे बाजूला गेले.

"दत्त काढला का हो?" सासूबाईंनी पलीकडून विचारलं.

मी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेलो आहे. मी धीर सोडला नाही. तोंडी समजावलं. आरसा आणून दाखवला. शेवटी बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि आरसा पालथा ठेवला.

"समजलं मले. आमी मांगून पाह्यलं. आता तुमीच सांगा, दंडारीचा खेळ होते ना गावात? पुढून पाह्यलं तं राजा दिसते. मांगं जाऊन पाह्यलं तं आपल्याच गल्लीतला मानूस बिडी वढत बसेल दिसते. मंग खरं कोनतं, पुढचं का मांगचं?"

पडद्याच्या विज्ञानाचं उत्तर माझ्यापाशी होतं. याचं नव्हतं. मी म्हणालो, तो सिनेमा आहे, खोटं असतं सगळं, कोणीतरी पैशासाठी बनवलेलं, आणि तेही धड न बनवलेलं. पुलावर उभं राहून भाषण ठोकणाऱ्या एका रंगवलेल्या मूर्खासाठी तुम्ही पोरीचं घर मोडता? मी त्या सिनेमाला, त्याच्या खिडकीला आणि सतारीला जे काही बोलायचं ते बोललो. बाई ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "एक जवाई गेला माहा त्याच्या गाडीतून. आता पोरगी बी त्याच गाडीत बसवू?"

मग मात्र मी धोतर दोरीवरून काढलं. सिनेमातल्या डाव्या हाताचं ते नव्हतंच. दोन वर्षं तिच्या मनात जे बसलं होतं त्याला एक हात दिसला होता, एवढंच. आणि तो हात मी अर्ध्या तिकिटात विकत आणून दिला होता.

पाहुण्यांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. काका भडकला. सिनेमा पाहून सोयरीक मोडणारी माणसं त्यानं अख्ख्या चिखली तालुक्यात पाहिली नव्हती, आणि तो उद्याच्या पहिल्या मोटारीनं निघणार होता. आजची चुकली होती म्हणून, नाहीतर आताच निघाला असता. डावरा फक्त 'बरं' म्हणाला. नंतर तो मळ्याकडे गेला. तिथे पाण्याची चारी मातीनं बुजली होती, ती त्यानं उकरायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाई बांधावर भेंडी तोडत होत्या. त्या अधूनमधून चारीकडे पाहत, त्यानं वर पाहिलं नाही. दुपार अशी गेली.

मेहुणी दिवसभर भाजीच्या टोपल्या भरत होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं आणि तिनंही काही सांगितलं नव्हतं. दिवेलागणीला ती दिसेना. बायकोनं विहीर पाहिली, गोठा पाहिला. एवढ्यात शेजारची म्हातारी मुद्दाम दारात येऊन सांगून गेली की तुमची धाकटी तंबूत बसली आहे, आणि मानसायच्या अंगाला, म्हणजे पुढे पुरुषांत, बसली आहे.

मी आणि बायको निघालो. वाटेत मी बायकोला म्हणालो, बायकांसाठी वेगळी जागा असते ना तिथे. ती म्हणाली, तुम्ही आता जागेचं बोलू नका.

तंबूच्या दाराचा पडदा बाजूला करून आम्ही आत पाहिलं. पुढच्या अंगाला, जमिनीवर, पहिल्या रांगेच्या कडेला ती बसली होती. डोक्यावरून पदर, हात मांडीवर. तिच्या भोवती गोल जागा मोकळी होती. एवढ्या दाटीत कोणी तिच्याजवळ सरकायला धजत नव्हतं. मागून एका टवाळानं विचारलं, "बाई, रस्ता चुकली का व?"

"नाई," ती म्हणाली. मान वळवली नाही.

पडद्यावर पाऊस सुरू झाला होता. वकील पुलावर आला. त्यानं कालचंच भाषण कालइतकंच लांबवलं, आणि गिरणीवाला कालच्यासारखाच ते संपायची वाट पाहत उभा राहिला. एका दिवसात दोघांपैकी कोणाला अक्कल आली नव्हती. मग वीज चमकली, हात वर गेला. मेहुणी जागच्या जागी पुढे झुकली. सुरी पडली, माणूस पडला, आणि ती उठली. पदर सारखा करून सरळ बाहेर आली. खिडकी, बासरी, सतार, मना केलेलं प्रेम, यातलं काही तिनं पाहिलं नाही. तिला पाहिजे तेवढं पाहून झालं होतं. त्या सिनेमाची इतकी रास्त परीक्षा मी दुसऱ्या कोणी केलेली ऐकली नाही.

दारात आम्ही दिसलो तरी ती थांबली नाही. आम्ही तिच्या मागे मागे घरी आलो.

अंगणात सासूबाई कंदिलाची काच पुसत होत्या. ओट्यावर काका सामान बांधून बसला होता, आणि डावरा पाय धुऊन नुकताच आला होता. त्याच्या पोटऱ्यांना अजून चारीचा चिखल होता. मेहुणी आईसमोर जाऊन उभी राहिली.

"माय, उजवा हात हाये त्याचा. म्या पुढून पाह्यलं."

"पुढून?" सासूबाईंच्या हातातली काच तशीच राहिली. "मानसायच्या अंगी?"

"हाव."

"एकटी?"

"हाव." मग तिनं ओट्याकडे पाहिलं नाही, पण आवाज ओट्यापर्यंत जाईल एवढा होता. "आन त्याचा डावा निंघाला असता तरी म्या याले हावच म्हनलं असतं. तो पिच्चरमधला हाये, माय. हा आपल्या अंगनात हाये."

काकानं बांधलेल्या सामानावरचा हात काढून घेतला. डावरा खाली पाहत होता. गावातली दोन-तीन डोकी कुंपणापलीकडे उभी होती, ती मी शाळेत वापरतो त्या नजरेनं पाहून पांगवली. माझ्या शिक्षणाचा तेवढा एकच उपयोग त्या दोन दिवसांत झाला.

सासूबाईंनी काच कंदिलावर बसवली. बराच वेळ त्या ती बसवतच होत्या. मी कान देऊन ऐकत होतो, की आता बाई म्हणेल, समजलं मला, उजवं ते डावं कसं होतं ते. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "जवाईबापू, पावन्यायले थांबवा. पोरगी मानसायच्या अंगी जाऊन बसली. सकाळी गाव इचारन. तिचं घर लागलेलं बरं."

एवढं बोलून त्या आत गेल्या. पण जाताना डावऱ्यापाशी थांबल्या आणि खाली त्याच्या पायांकडे पाहून विचारलं, चारी कुठवर उकरली. तो म्हणाला, विहिरीपर्यंत. त्या 'बरं' म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी पाण्याची आणखी एक बादली मेहुणीच्या हाती पाठवली.

सुपारी सकाळी फुटली. पाट महिनाभरात लागला, अमडापुरात, त्याच्याच अंगणात, कोणी न रडता. मयताचा कुऱ्हाडवाला भाऊसुद्धा आला होता. पंगतीत तो डावऱ्याच्याच शेजारी बसला आणि वांग्याच्या भाजीचा रस्सा दोनदा मागून घेतला. समाज म्हणून जो कोणी असतो तो जिन्यावरून खाली आला नाही, कारण जिना नव्हता.

परतीच्या मोटारीत मी बायकोजवळ त्या सिनेमाचा पुन्हा एकदा समाचार घेतला. चिखली सोडल्यापासून देऊळगाव राजा येईपर्यंत घेतला. म्हटलं, बदला कसला आणि प्रेम कसलं. पांढरी पातळं आणि खिडक्या. आपल्या माणसाला कोणी मारलं तर शहाणा माणूस सुरी घेऊन पुलावर उभा राहत नाही. कायदा आहे, पोलीस आहेत, आता तर आपलं स्वतःचं राज्य झालं आहे. ती खिडकीबाहेर पाहत ऐकत होती. मग तिनं विचारलं, "समजा, मले कोनी मारलं असतं, तं तुमी काय केलं असतं?"

मी विचार करू लागलो. जरा जास्तच वेळ लागला असावा.

"अर्ज लिवला असता तुमी," ती म्हणाली. "आंधी कच्चा, मंग पक्का."